पंचमाची उंची

एलएस ३/५ए हा स्पीकर मुळात घरासाठी जन्मलाच नव्हता. बीबीसीच्या अभियंत्यांनी तो १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवला. मोठा मॉनिटर मावत नाही अशा जागीही माणसाचा आवाज खरा ऐकू यावा, ही त्यामागची गरज. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, रुंदी १९, वजन पाच किलोंच्या आसपास. केफ कंपनीचे बी११० आणि टी२७ हे दोन ड्रायव्हर, बर्च प्लायवूडची पातळ भिंतींची पेटी आणि त्या भिंतींची थरथर शोषायला आतून चिकटवलेले जड थर. रॉजर्स, स्पेन्डॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी बीबीसीच्या परवान्याने तो बनवला, आणि तो गाडीतून उतरून दिवाणखान्यांत आला. माणसाचा आवाज इतक्या जिव्हाळ्याने सांगणारा दुसरा छोटा स्पीकर मला ठाऊक नाही. पण तो ठेवायचा कशावर, यावर त्याचं निम्मं गाणं अवलंबून असतं.

टीव्हीच्या युनिटवर तो वाजतो, पुस्तकांच्या कपाटातही वाजतो. मात्र त्याच्या रचनेतच १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास एक हलका उभार आहे. एवढ्याशा पेटीतून खर्ज भरल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. मागे भिंत चिकटलेली असली की ती या उभारात स्वतःची भर घालते. डग्ग्याची मींड मग मींड राहत नाही, नुसता घुमारा उरतो. म्हणून याला भिंतीपासून निदान हात-दीड हात पुढे, चारी बाजूंनी मोकळ्या हवेत ठेवायचं. तिथे त्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे स्टँड.

स्टँड घेताना लोक आधी वजन विचारतात, मग धातू, मग रंग. मी आधी उंची पाहतो, आणि बराच वेळ उंचीपाशीच थांबतो.

ट्वीटर साधारण कानाच्या पातळीत असावा, हा नियम सर्वांना माहीत असतो. या स्पीकरचा ट्वीटर तळापासून २२-२३ सेंटिमीटरवर येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर धरला, तर स्टँड ७० सेंटिमीटरचा हवा. इथवर हिशोब सरळ आहे. रस आहे तो पुढच्या गोष्टीत. आवाज स्पीकरकडून थेट कानाकडे येतो, तसाच जमिनीवर आपटूनही येतो. दुसरी वाट लांबची, त्यामुळे तो किंचित उशिरा पोचतो. या उशिरामुळे एका विशिष्ट कंपनसंख्येला दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट पडतात आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. वूफर ८० सेंटिमीटरवर, कान ९५ वर आणि मधलं अंतर अडीच मीटर असेल, तर हा खड्डा ३१५ हर्ट्झच्या आसपास येतो.

आता काळी चारमध्ये गाणारी गायिका डोळ्यांसमोर आणा. तिचा षड्ज २०८ हर्ट्झचा, म्हणजे पंचम ३११ चा. राग भूप आहे. ज्या पंचमावर ती पुन्हा पुन्हा विसावणार, नेमका तोच फिका पडतो. तिच्या मागच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा तिसरा स्वरांशही तिथेच येतो, पंचमाच्या तारेचा दुसराही तिथेच. तानपुरा जुळलेला असूनही त्याच्या गाभ्यात काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं, आणि ऐकणारा अॅम्प्लिफायर बदलायचा विचार करू लागतो. सतरंजी अंथरून हा खड्डा बुजत नाही. पातळ कापड वरचे स्वरांश शोषतं, ३०० हर्ट्झची मीटरभर लांबीची लाट त्याला जुमानत नाही. चकचकीत टाइल्सच्या जमिनीवर तर तो अधिकच खोल जातो.

यावर मला सर्वांत आवडलेला उपाय आपल्याच घरांत आहे. गादीवर मांडी घालून ऐकायचं. कान ७५ सेंटिमीटरवर येतो, स्टँड ५० चा पुरतो, वूफर ६० वर उतरतो, आणि तोच खड्डा ५०० हर्ट्झच्या पलीकडे, त्याच काळी चारच्या तार गांधाराजवळ सरकतो. तिथे आवाज काही क्षणांपुरता जातो. पंचम भरून येतो, तानपुरा अंग धरतो. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. दोन स्पीकरांच्या मध्ये उभी राहणारी आवाजाची प्रतिमा साधारण त्यांच्याच उंचीवर राहते. ७० च्या स्टँडवर गायिका उंच मंचावर बसल्यासारखी वाटते. ५० च्या स्टँडवर ती आपल्यासमोर, आपल्याच पातळीवर बसलेली असते. खाजगी मैफलीत ऐकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. दुकानात ६०-७० सेंटिमीटरचे तयार स्टँड सहज मिळतात, ५० चे शोधावे लागतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायलाही हरकत नाही.

वजनाबद्दलचा वाद जुना आहे. पोलादी नळ्यांत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरणारे एका बाजूला, हलक्या लाकडी चौकटीवर स्पीकर ठेवणारे दुसऱ्या बाजूला. वजनदार पक्षाचा हिशोब खोटा नाही. वूफरचा हलणारा भाग दहा ग्रॅमच्या आसपास, पेटी पाच किलोंची. पडदा एक मिलिमीटर पुढे गेला तर पेटी दोन मायक्रॉन मागे रेटली जाते, आणि वरच्या स्वरांत ट्वीटर स्वतः हलतो तोही इतक्याच सूक्ष्म मापाने. तरीही या पातळ भिंतींच्या पेटीला मी फार जड स्टँड देणार नाही. स्टँड डुगडुगता कामा नये, आणि त्याच्या नळ्या गाता कामा नयेत. माठ घेताना मारतो तशी टिचकी नळीला मारून पाहावी. ‘टण्ण’ वाजली तर त्यात चाळून, भाजून पूर्ण कोरडी केलेली वाळू निम्म्याच्या थोडी वर भरावी. ओल राहिली तर नळी आतून गंजते. भरल्यावर नळी ‘ठप्प’ बोलली की काम झालं.

टोकदार स्पाइकची परंपरा विलायती घरांतली. तिथे गालिच्याखाली बहुधा लाकडी तक्तपोशी असते. स्पाइक गालिचा भेदून तिला पकडतो. आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर टाइल्स. इथे स्पाइकचा खरा उपयोग स्टँड समपातळीत आणण्यापुरता. त्याखाली धातूची चकती हवीच, नाहीतर टाइलवर कायमचा ओरखडा उठतो. तळाची पट्टी वरच्यापेक्षा चांगली रुंद असावी. घरात धावणारं मूल असेल तर या अटीत तडजोड करू नये.

वरची पट्टी मात्र पेटीच्या तळापेक्षा किंचित लहान असावी, कारण बाहेर डोकावणारी कड आवाज परतवते. पट्टी आणि पेटी यांच्या मध्ये चार कोपऱ्यांत ब्लू-टॅकच्या छोट्या गोळ्या दाबल्या की पेटी सरकत नाही. काढताना तिला सरळ वर उचलू नये. हळूच फिरवून सोडवावी, नाहीतर जुन्या व्हिनियरचा पापुद्रा गोळीबरोबर निघून येतो.