प्रौढांमधील कंबरदुखी : जागतिक मार्गदर्शिका आणि शहापूर-मुरबाडचे वास्तव – एक चिकित्सक मूल्यमापन

बीजसंज्ञा : कंबरदुखी, प्राथमिक आरोग्यसेवा, श्रम, ग्रामीण ठाणे जिल्हा

प्रस्तावना :
कंबरदुखी हे जगभरात अपंगत्वाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. 2020 मध्ये सुमारे 61 कोटी 90 लाख लोक या विकाराने त्रस्त होते आणि 2050 पर्यंत ही संख्या 84 कोटी 30 लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये प्रौढांमधील जुनाट प्राथमिक कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांविषयी आपली पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात ती कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मार्गदर्शिकेचे स्वरूप :
तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी आणि ज्यामागे विशिष्ट रोग आढळत नाही अशी वेदना हा मार्गदर्शिकेचा विषय होय. रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाज, मानसोपचार आणि दाहशामक औषधे यांची ती शिफारस करते. तर कमरेचे पट्टे, ताण देण्याचे उपचार (ट्रॅक्शन), अफूजन्य वेदनाशामके व स्टेरॉइड यांचा नेहमीचा वापर नाकारते. बहुतेक शिफारशींमागील पुराव्याची खात्री कमी असल्याचे ती स्वतःच मान्य करते. हा प्रामाणिकपणा तिचे मोठे बलस्थान होय. दुखऱ्या कमरेवर इंजेक्शन, सलाइन आणि पट्टा हाच उपाय समजण्याच्या सवयीला त्यामुळे शास्त्रीय छेद मिळतो.

निदानाचा प्रश्न :
तथापि 'प्राथमिक' हे विशेषण लावण्यापूर्वी दुय्यम कारणे वगळावी लागतात. खरी अडचण येथेच सुरू होते. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, कर्करोगाचा पूर्वेतिहास, मोठी इजा, पायातील वाढती दुर्बलता, लघवी तुंबणे, जांघेतील बधिरता ही धोक्याची लक्षणे आहेत. यांपैकी शेवटची तीन एकत्र आढळल्यास तासांच्या हिशेबाने उपचार करावे लागतात. भारतीय ग्रामीण संदर्भात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. त्याचे निदान केवळ थुंकी तपासून होत नाही आणि आरंभीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. म्हणून रुग्णाची नीट विचारपूस, पाय सरळ उचलून करावयाची तपासणी आणि पायांतील शक्ती व संवेदना यांची पाहणी, एवढी दहा मिनिटांची तपासणी महागड्या यंत्राइतकीच मोलाची ठरते. दुसऱ्या बाजूला, धोक्याचे लक्षण नसताना केलेल्या एमआरआयमध्ये वयानुसार झालेले निरुपद्रवी बदलही 'रोग' म्हणून पुढे येतात आणि रुग्ण भयभीत होतो.

श्रमाचा प्रश्न :
'सक्रिय राहा, दीर्घ विश्रांती टाळा' हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. परंतु तो प्रामुख्याने बैठे जीवन जगणाऱ्याला उद्देशून आहे, असे वाटते. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणारी स्त्री किंवा पावसाळा संपताच वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब यांना हालचालीची कमतरता नाही. त्यांना कमी करायचे आहे ते ओझे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात मात्र याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलोंहून अधिक वजन आणि अशा खेपा दिवसातून अनेक. येथे नळ हा केवळ सोयीचा विषय राहत नाही, तो उपचाराचाच भाग ठरतो. व्यक्तीचे सामाजिक संदर्भ लक्षात घ्यावेत, असे मार्गदर्शिका सांगते. पण ओझे कमी करण्याची जबाबदारी कोणाची, याबाबत ती मौन बाळगते.

'कमरेत चमक भरली', 'उसण भरली' म्हणत रुग्ण प्रथम जाणत्याकडे वा हाडवैदाकडे जातो. त्याला हिणवण्यापेक्षा, कोणत्या लक्षणांवर रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे हे त्यालाही सांगणे अधिक शहाणपणाचे ठरेल. दाहशामक औषधे मात्र अल्पकाळासाठीच आणि जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांचा विचार करूनच द्यावीत. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या मजुरासाठी ही सूचना अधिकच महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :
ही मार्गदर्शिका अनावश्यक उपचारांना आळा घालण्यास निश्चितच समर्थ आहे. परंतु तिचे मराठी रूप केवळ भाषांतराने सिद्ध होणार नाही. आशा कार्यकर्त्यांच्या हाती धोक्याच्या लक्षणांची सोपी यादी, उपकेंद्रात स्पर्श करून केलेली तपासणी, संशयित क्षयरुग्णाला पुढील तपासणीसाठी पाठविण्याची खात्रीशीर सोय आणि घराजवळ पाणी या चार गोष्टी तिला जोडल्या पाहिजेत. अन्यथा वेदनेचे मूळ डोक्यावरील हंड्यात असताना उपचार मात्र कमरेपुरताच मर्यादित राहील.