कट्यार काळजात घुसली
पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांचे संगीत नाटक (१९६७) व त्यावर आधारित, सुबोध भावे दिग्दर्शित मराठी चित्रपट (२०१५). नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकी ह्यांचे. पंडित भानुशंकरांच्या गायकीविषयी खाँसाहेब आफताब हुसेन ह्यांना वाटणारा द्वेष हा नाट्यविषय. राजाने दिलेल्या कट्यारीने एक खून माफ आहे. तरी लपून गाणे शिकणाऱ्या सदाशिवावर ती चालत नाही, त्याची विद्येची ओढ खाँसाहेबांना जिंकते. चित्रपटाने वारंवारच्या पराभवांचा पूर्वेतिहास विस्ताराने दाखवून द्वेष समजण्याजोगा केला. परंतु पंडितांचा आवाज घालविण्याचे पाप तेथे खाँसाहेबांच्या पत्नीच्या माथी येते. त्यामुळे त्यांचे स्वतःशी असलेले भांडण सौम्य होते. रंगमंचावर वसंतराव देशपांडे ह्यांच्या आक्रमक, लवचिक गायनातच द्वेष आणि गुणग्राहकता एकत्र नांदत. पडद्यावर सचिन पिळगावकर ह्यांना ते मुख्यत्वे अभिनयातून साधावे लागले.