घुमटाच्या तड्यांचे दोन वाचक

रोमच्या संत पीटर महामंदिराविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा यात्रेकरूच्या भारावलेल्या दृष्टीतून उतरलेले असते. उंची, व्यास, पायऱ्या, आणि अखेरीस मायकेलअँजेलोच्या प्रतिभेला वंदन! असे लेखन आम्हीही पूर्वी केले आहे. तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा आमचा अधिकार बेताचाच. तथापि त्या स्तुतीत एक गोष्ट हमखास गळते. हा घुमट पूर्ण होऊन दीड शतक उलटते न उलटते तोच त्याला उभे तडे गेलेले होते, आणि त्या तड्यांवर दोन असामान्य ग्रंथ लिहिले गेले. स्थापत्याच्या इतिहासात त्या ग्रंथांचे मोल घुमटाहून कमी नाही, असे आमचे मत आहे.

मायकेलअँजेलो १५६४ साली निवर्तला तेव्हा घुमटाखालचे वर्तुळाकार जोते जवळजवळ पुरे झाले होते. घुमट उभारला तो जाकोमो देल्ला पोर्ताने, १५८८ ते १५९० या अल्पावधीत, पोप पाचवे सिक्स्टस यांच्या आग्रहाखातर. आणि मूळ नमुन्यापेक्षा अधिक उंच व निमुळता. आतला व्यास सुमारे ४२ मीटर. दगडविटांना दाब सोसतो, ताण सोसत नाही. घुमटाचा भार खाली येताना पायथ्याला बाहेर रेटतो; तो रेटा आवरण्यासाठी बांधकामात लोखंडी कडी घातली होती. ती पुरी पडली नाहीत. सोललेल्या संत्र्याच्या फोडी सुटू लागाव्यात तशा भेगा पडल्या.

पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तिघा गणितज्ञांना पाचारण केले: ले स्यूर, जाक्ये आणि बोस्कोविच. पहिले दोघे मिनिम संघाचे, तिसरा येशूसंघीय. (ले स्यूर व जाक्ये यांनी न्यूटनच्या ग्रंथाची जी सटीप आवृत्ती काढली, तिला आजही 'येशूसंघीय आवृत्ती' म्हणतात. मिनिम बांधवांवर हा अन्यायच!) १७४२ च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला. त्याची रीत नवीन होती. घुमट कसा ढासळेल याचे चित्र त्यांनी प्रथम कल्पिले. त्या ढासळण्यात कोणता भार किती खाली येईल आणि कडी किती ताणली जातील, याचा हिशेब मांडला. आणि आहे ते लोखंड फारच अपुरे आहे, असा निष्कर्ष काढला.

टीका झाली, आणि ती केवळ अडाण्यांची नव्हती. गणित न जाणणाऱ्या मायकेलअँजेलोला घुमट कल्पिता आला, तर गणितज्ञांवाचून तो दुरुस्तही करता येईल, असे कोणी म्हटले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता: हा हिशेब खरा असता तर घुमट केव्हाच कोसळला असता. या दुसऱ्या आक्षेपात आम्हांस तथ्य दिसते. अहवालाचा दोष असा की तो कागदावरच्या घुमटाचा विचार करतो. उभ्या राहिलेल्या घुमटाची साक्ष काढत नाही.

ती साक्ष काढली पादुआच्या जोव्हान्नी पोलेनी यांनी. त्यांचा ग्रंथ १७४८ साली छापून निघाला. पोलेनींची युक्ती साधी व म्हणूनच सुंदर आहे. दोन खिळ्यांना सैल टांगलेली साखळी ज्या वळणाने लोंबते, ते वळण उलटे केले की केवळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते, हे इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७५ साली सुचविले होते. पोलेनींनी घुमटाच्या ५० फोडी कल्पिल्या, समोरासमोरच्या फोडींचे ३२ भाग पाडले, आणि त्या त्या भागाच्या वजनाच्या प्रमाणात दोऱ्यावर वजने टांगली. दोऱ्याने घेतलेले वळण उलटे करून पाहिले, तर ते घुमटाच्या जाडीच्या आतच बसले. म्हणजे फोडी सुट्या झाल्या असल्या तरी प्रत्येक जोडी कमान होऊन उभी राहू शकत होती. तडे होते, विनाश जवळ नव्हता.

मग श्रेष्ठ कोण? आधुनिक अभियंते पोलेनींना झुकते माप देतात, आणि आम्हीही देतो. पण हे माप देताना तिघांची एक थोरवी नजरेआड होते. ज्या वास्तूवर मायकेलअँजेलोचे नाव आहे आणि जिच्याखाली संत पीटरची कबर मानली जाते, तिच्याविषयी 'येथे उणे आहे' असे आकड्यांत सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. तेही ख्रिस्तसभेचे व्रतस्थ सेवक असताना, आणि पोप महाशयांनी विचारल्यावरून. हा विचारलेला प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही पाहिलेल्या एका जुन्या धर्मग्रामात सणापूर्वी भिंतीची भेग चुन्याने बुजवून वर रंग दिला गेला. भेगेची जाडी कोणी मोजली नाही. त्या समितीत आम्हीही होतो, आणि गप्प बसलो होतो.

गमतीची गोष्ट ही की उपायाबाबत दोन्ही पक्षांचे एकमत होते. घुमट सुरक्षित ठरविणाऱ्या पोलेनींनीही नवी कडी घालण्याचाच सल्ला दिला. १७४३-४४ मध्ये व्हान्वितेल्लीच्या देखरेखीखाली पाच लोखंडी कडी बसविण्यात आली. पुढे जुन्या कड्यांपैकी एक तुटलेले आढळले, आणि १७४८ साली सहावे घालावे लागले.