भेदाच्या कादंबऱ्या, लढ्याचं काय?

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला खटला बहुतेकांच्या लक्षात राहतो तो ॲटिकस फिंचच्या उलटतपासणीमुळे. त्याआधीची एक बारीक गोष्ट सहसा निसटून जाते. कोर्टात खाली जागा नाही म्हणून स्काउट, जेम आणि डिल ही गोरी मुलं रेव्हरंड साइक्स यांच्याबरोबर काळ्यांच्या गॅलरीत जातात. तिथे पुढच्या रांगेतली चार माणसं उठून त्यांना जागा देतात. लेखिका हे जाता जाता सांगून पुढे जाते. कादंबरी प्रसिद्ध झाली १९६० मध्ये आणि घडते अलाबामात. त्याच अलाबामात, माँटगोमेरीच्या बसमध्ये, १ डिसेंबर १९५५ रोजी एका गोऱ्या उतारूसाठी एका रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं गेलं. तिघं उठले, रोझा पार्क्स उठल्या नाहीत. कादंबरीतला काळ १९३०च्या दशकातला आहे, हे मान्य. तरीही वर्णभेदाविरुद्धची म्हणून जगभर शाळांतून शिकवली जाणारी कादंबरी जागा सोडणाऱ्यांकडे वळूनही पाहत नाही, हे खटकतंच.

अमेरिकन कथात्म साहित्याने वर्णभेद उत्तम लिहिला. समतेचा लढा मात्र त्या मानाने फारच थोडा आणि कच्चा लिहिला, असं माझं मत होत चाललं आहे.

भेदाच्या चित्रणाबद्दल तक्रार करायला जागाच नाही. रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) मध्ये भीतीचं रूपांतर हिंसेत कसं होतं ते दिसतं. राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) मध्ये गावातले प्रतिष्ठित गोरे एका हुशार काळ्या मुलाला भाषणासाठी बोलावतात आणि आधी डोळ्यांवर पट्टी बांधून इतर काळ्या मुलांबरोबर ठोसेबाजीत उतरवतात. मग तो तोंडातलं रक्त गिळत भाषण करतो. ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणताना चुकून ‘सामाजिक समता’ निघून जातं, सभागृह एकदम गप्प होतं आणि त्याला शब्द मागे घ्यावे लागतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६च्या प्लेसी निकालाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं होतं. त्यातल्या ‘समान’ची किंमत एलिसन एका प्रसंगात दाखवतात.

याच निकालाची शाळेतली बाजू मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) या कुमार कादंबरीत आहे. १९३३चं मिसिसिपी. काळ्यांच्या शाळेत जुनी, मळकी पुस्तकं वाटली जातात. सहा वर्षांच्या लिटल मॅनला वाचता येतं, आणि तेच त्याला महागात पडतं. पुस्तकाच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो: पुस्तक कधी दिलं, त्याची अवस्था काय, विद्यार्थ्याचा वंश कोणता. नवं होतं तेव्हा ते गोऱ्या मुलांकडे होतं, पार खिळखिळं झाल्यावर इकडे आलं. मुलगा पुस्तक फेकून त्यावर थयथयाट करतो. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती नंतर पुस्तकांमधल्या त्या तक्त्यांवर कागद चिकटवते. कागद आणि खळ यांपलीकडे तिच्या हातात काही नसतं, आणि एवढंही वरिष्ठांना पचत नाही. न्यायालयातली भाषणं एका पारड्यात आणि हे पान दुसऱ्यात घातलं, तर मला हे पान जड वाटतं.

आता लढ्याकडे या. माँटगोमेरीचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. तो रोझा पार्क्स यांच्या एका नकारावर उभा नव्हता. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी पार्क्स यांच्या अटकेनंतर रातोरात हजारो पत्रकं छापून काढली, तीही कॉलेजच्याच यंत्रावर, नोकरी पणाला लावून. मग बैठका, वर्गणी, कोणाच्या गाडीत कोण बसणार याचं रोजचं वेळापत्रक. आणि मूळ मागणी तरी काय? बसमधला भेद मोडा, अशीही ती नव्हती. काळे मागून आणि गोरे पुढून बसत येतील, बसलेल्याला उठवू नये, चालकांनी नीट बोलावं, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे चालक नेमावेत, एवढीच. तिथून सगळा भेद मोडण्याच्या मागणीपर्यंत माणसं कशी पोचली, यात अख्खी कादंबरी दडलेली आहे.

ती फारशी कोणी लिहिली नाही. एक कारण उघड आहे. कादंबरीला एक मन लागतं आणि चळवळ बैठकीत घडते. दुसरं कारण वाचकाचं. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्येच निषेधाच्या कादंबरीवर कोरडे ओढले होते, कारण तिच्यात माणूस उरत नाही, नुसता बळी उरतो. बळी पाहून हळहळणं सोपं. एलिसनच्या कादंबरीत संघटना येते, पण ती माणसाला वापरून घेणारी. कॅथरिन स्टॉकेट यांच्या ‘द हेल्प’ (२००९) मध्ये मोलकरणींचा वेगळा संडास बरोबर टिपला आहे. मात्र त्यांना बोलतं करायला गोरी तरुणी लागते आणि जॅक्सन शहरातली खरी चळवळ पडद्यामागे राहते. त्या पुस्तकावर याहून जास्त शाई नको.

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य आपल्याकडे आलं, १९७२ मध्ये दलित पँथरबरोबर ‘पँथर’ हे नावही आलं. तरी आपल्या दलित साहित्यातही आत्मकथनं दणदणीत आणि मोर्च्याची कादंबरी शोधावी लागते.

अपवाद आहेत. ॲलिस वॉकर यांची ‘मेरिडियन’ (१९७६) चळवळ ओसरल्यावरही खेडोपाडी मतदार नोंदवत राहणाऱ्या कार्यकर्तीचा थकवा लिहिते. अर्नेस्ट गेन्स यांच्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ (१९७१) मध्ये शंभरी ओलांडलेली जेन शेवटी मळ्याच्या मालकाला ओलांडून गावाकडे निघते. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पाण्याच्या नळापाशी ती पोचली की नाही, हे गेन्स लिहीतच नाहीत. १९७४च्या दूरचित्रपटाने मात्र सिसिली टायसनला त्या नळापर्यंत नेऊन पाणी पाजलं. दृश्य गाजलं, आणि लढा पुन्हा एका बाईच्या एका घोटात मावला.

अलीकडचे लेखक तंत्रात फार पुढे गेले आहेत. कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द निकल बॉइज’ (२०१९) मधल्या एलवुडकडे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांची तबकडी आहे, आणि सुधारगृहातला भ्रष्टाचार तो वहीत टिपून ठेवतो. पण तो एकटाच. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘द ट्रीज’ (२०२१) मध्ये गोऱ्यांनी मारलेल्या काळ्या मुलाच्या, एमेट टिलच्या, मारेकऱ्यांच्या घराण्यातली माणसं मरू लागतात, आणि झुंडबळी गेलेल्यांच्या नावांनी पानंच्या पानं भरतात. इथे समूह आहे, पण तो मेलेल्यांचा. जिवंत माणसं वर्गणीचा हिशोब मांडत, गाड्यांची वेळापत्रकं लावत काय बोलली, हे हवं असेल तर अजूनही १९८७ साली आलेल्या जो ॲन रॉबिन्सन यांच्या आठवणींकडेच जावं लागतं.