गुन्हा दुसऱ्याचा, तर तौबा कोणाची?

चित्रकथा म्हणजे पोराटोरांचे वाचन, असे समजून साहित्याच्या चर्चेत तिला उंबरठ्याबाहेर बसवण्याची आपली सवय जुनी आहे. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. पण एका पतित नायकाच्या कथेने आम्हांला असा प्रश्न घातला, की तो टाळून पुढे जाणे जमले नाही.

हा नायक म्हणजे अमेरिकेतील डीसी कॉमिक्सच्या 'ग्रीन लँटर्न'मधला हॅल जॉर्डन. जॉन ब्रूम आणि गिल केन यांनी १९५९ साली त्याला जन्माला घातले. धंद्याने वैमानिक, शिवाय विश्वाचे रक्षण करणाऱ्या दलाचा शिपाई. बोटात हिरवी अंगठी. मनात आणावे ते ती साकार करते. १९९३मध्ये त्याचे कोस्ट सिटी हे शहर सत्तर लाख माणसांसह बेचिराख झाले. रॉन मार्झ यांनी १९९४ साली लिहिलेल्या 'एमराल्ड ट्वायलाइट'मध्ये तो अंगठीच्या बळावर ते शहर क्षणभर उभे करतो. दलाचे वडीलधारे जाब विचारतात, तेव्हा तो साथीदारांवरच उलटतो, त्यांच्या अंगठ्या हिसकावतो, किलोवॉगसारख्या जुन्या सोबत्याला ठार करतो आणि 'पॅरालॅक्स' बनतो. पुढे १९९६च्या 'फायनल नाइट'मध्ये विझलेला सूर्य पुन्हा पेटवण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो.

आमच्या मते ही कथा इथेच पूर्ण झाली होती. त्या मरणाने किलोवॉग परत आला नाही, हिशेब मिटला नाही. तरीही ते मरण खरे वाटते, कारण गुन्हा त्याचा होता आणि दिलेला जीवही त्याचाच.

२००४-०५मध्ये जेफ जॉन्स यांच्या 'रीबर्थ'ने हॅलला जिवंत केले. रचना कसबी आहे. अंगठी पिवळ्या रंगापुढे का हरते, याचाही उलगडा ते त्यात करतात. पण सांगतात काय? तर पॅरालॅक्स हा भयावर पोसणारा एक परजीवी होता, तो हॅलच्या अंगात शिरला आणि त्यानेच हे सारे घडवले! त्याच्यावर अखेरपर्यंत संशय धरणाऱ्या बॅटमनला शेवटी हॅलचा ठोसा बसतो, आणि तो वाचकाला आवडावा अशीच मांडणी आहे.

कोणी म्हणेल, हॅलच्या मनातल्या भीतीनेच त्या परजीवीला वाट दिली ना? खरे आहे. पण ती वाट उघडी राहिल्याचा जाब कथा त्याला पुरेसा विचारत नाही.

'सैतानाने भुलवले' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. ते म्हणून हात झटकणारा माणूस सुटतो, सुधारत नाही. 'तौबा' या शब्दाचा मूळ अर्थच परतणे. जो कधी वाट सोडून गेलाच नाही, तो परतणार कुठून? जॉन्स यांनी नायक परत आणला. त्याचा पश्चात्ताप मात्र काढून घेतला. आम्हांला विचाराल, तर सूर्य पेटवून मेलेला तो गुन्हेगारच आम्हांला अधिक जवळचा वाटतो.