साक्षात्कार आणि दिनचर्या

व्याधीतून आयुष्य पालटल्याच्या कथा भारतीय वाङ्मयास नव्या नाहीत. मयूरकवीचा कुष्ठरोग ‘सूर्यशतका’ने व नारायण भट्टतिरींचा वातविकार ‘नारायणीया’ने हटल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तेथे व्याधी ही कृपेची पूर्वतयारी असते आणि तिचा उपशम हा चमत्कार.

डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या ग्रंथाने या परंपरेतील शब्द स्वीकारला, चमत्कार मात्र नाकारला. १९८६ मध्ये डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापून ग्रामीण आरोग्याचे संशोधन करणारा हा लेखक चाळिशीत स्वतःच रुग्ण झाला. इतरांच्या रोगांची कारणे शोधणारी दृष्टी आता स्वतःच्या ताटाकडे व घाईकडे वळली. येथील आशा हे वरदान नव्हे. आहार, व्यायाम, योग व ध्यान यांच्या नित्य आचरणातून ती मिळवावी लागते. ‘साक्षात्कार’ हा शब्द अशा रीतीने एका दिव्य क्षणावरून दिनचर्येवर उतरतो, आणि हे अर्थांतर हाच ग्रंथाचा वाङ्मयीन विशेष होय.

तथापि, रोग जर जीवनपद्धतीचे फळ, तर प्रत्येक रुग्ण आपल्या दुखण्याचा अपराधी ठरतो काय? ज्याला विश्रांतीही परवडत नाही, त्याने कोणती दिनचर्या पालटावी? लेखक दोष स्वतःच्या पदरी घेतो तोवर हा प्रश्न टोचत नाही. अनुभवाचा उपदेश होऊ लागताच तो उभा राहतो. म्हणूनच पथ्याच्या सल्ल्यापेक्षा चिकित्सकाने दिलेली ही कबुलीच अधिक काळ टिकेल.