‘खरा झाला’ या प्रयोगाचा अर्थ

१७ व्या व १८ व्या शतकांतील वतनी कज्जांचे महजर व निवाडपत्रें छापतांना ‘अमका खरा झाला, तमका खोटा झाला’ या प्रयोगावर संपादक बहुधा टीप देत नाहींत. आणि दिलीच तर ‘खरा म्हणजे सत्यवादी’ असा अर्थ देतात. हा अर्थ ग्राह्य दिसत नाहीं.

मराठेशाहींतील न्यायपद्धतींत ‘खरा होणें’ हा मनुष्याचा गुण नसून वादाचा निकाल आहे. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरा व जामीन घ्यावे, कागद व साक्षी पाहून गोतानें अथवा मजालशीनें निवाडा करावा, आणि तेवढ्यानें उलगडा न झाल्यास दिव्य द्यावें, असा सामान्य क्रम असे. रवादिव्यांत तापलेल्या तेलातुपांतून धातूचा रवा हातानें काढावा लागे. मग हातास पिशवी बांधून वर मोहर करीत व ती ३ रे दिवशीं सभेसमक्ष सोडीत. हात शुद्ध निघाला तर तो खरा. भाजल्याची खूण दिसली तर खोटा. मोहर फुटेपर्यंत तो यांपैकीं कांहींच नसे. ‘खरा होता’ असें न लिहितां ‘खरा झाला’ असें कां लिहीत, हें यावरून कळतें.

पुढील व्यवहारही हेंच दर्शवितो. खऱ्यानें सरकारांत हरकी भरावी. खोट्यानें गुन्हेगारी भरावी व प्रतिपक्षास येजितखत, म्हणजे हरल्याचें कबुलीपत्र, लिहून द्यावें. केवळ सत्य बोलल्याबद्दल कोणी पैसे कां भरावे? ‘खरा’ म्हणजे ‘वाद जिंकलेला’ असें घेतलें म्हणजे हरकीचें प्रयोजन ध्यानीं येतें.

हा भेद शब्दापुरता नाहीं. ‘खरा झाला’ एवढ्यावरून जिंकणाऱ्याच्या करीन्यांतील वंशावळ व वतनप्राप्तीची हकीकत इतिहास म्हणून उचलली जाते. वस्तुतः त्या शब्दानें त्या सभेनें त्याचा हक्क मान्य केला, एवढेंच सिद्ध होतें. बाकीचा मजकूर स्वतंत्र पुराव्यानेंच तपासला पाहिजे. तसेंच हरलेल्याचा करीना ‘खोटा’ म्हणून बाजूस टाकणें योग्य नव्हे. संग्राहकांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: येजितखत लिही हरणारा, पण तें राही जिंकणाऱ्याच्या दप्तरांत. तें ज्या घरीं सांपडेल तें घर हरलें, असें टिपण करूं नये.